शेवरीआडचा भारद्वाज

शिवांजलीला जन्मात पहिल्यांदा कुणी हात जोडले, ते पाखरू समजून.

कुंडलपासून दीड-दोन किलोमीटरवर, पाटाच्या कडेला तिच्या घरच्यांचा मळा. मळ्यातच घर, घरापुढं दोन म्हशी, मागं ऊस, आणि उसाच्या बांधाला शेवरीची दाट रांग. त्या शेवरीत एक भारद्वाज राहायचा. अंगानं काळा, पंख विटकरी, डोळे गुंजेसारखे लाल, आणि चालायचा असा की सगळ्या रानाचा सातबारा त्याच्याच नावावर असावा. उजाडायच्या बेताला तो खर्जात सुरू करायचा... हूप, हूप, हूप. ऐकणाऱ्याच्या पोटात तो आवाज घुमायचा.

आणि शिवांजली त्याला उत्तर द्यायची.

ही खोड लहानपणची. शाळेच्या सुट्टीत जोंधळा राखायला तिला माळ्यावर बसवायचे. हातात गोफण, पण दगड काही तिच्यानं मारवायचा नाही. मग दिवसभर करायचं काय? होला घुमला की ती होल्यासारखी घुमायची, तित्तर ओरडला की तित्तरासारखी. कणसं पाखरं खायची आणि ही त्यांच्याशी गप्पा मारायची. भारद्वाजासाठी दोन्ही हातांची पोकळ ओंजळ करायची आणि अंगठ्यांच्या फटीतून फुंकायचं. तो आवाज तर इतका हुबेहूब, की खुद्द भारद्वाज फांदीवरून मान वाकडी करून बघायचा. पुढं ती बीएस्सी झाली, चोवीस वर्षांची झाली, स्थळं यायला लागली, पण खोड काही गेली नाही. आई, राहीबाई, कपाळाला हात लावून म्हणायची, "पाव्हणं आल्यावर तेवढी मानसासारखी बोल गं बाई."

म्हणून हा उद्योग चोरून चालायचा. सकाळी धार काढून झाली, की डेअरीला दूध घालायला निघायच्या आधी दहा मिनिटं शेवरीच्या मागं. कुणी बघितलं तर काय सांगणार?

तर माघातली एक सकाळ. पाटावर धुकं. भारद्वाज दोनदा बोलला, शिवांजलीनं ओंजळ केली आणि त्याला चांगलं लांबलचक उत्तर दिलं. एवढ्यात पाटाच्या रस्त्यावरून कुणाची तरी धावण्याची पावलं आली — आणि पाटावरच्या मोरीवर, त्या बुटक्या पुलावर, येऊन थांबली.

ती पानांच्या आडून बघते तर एक उंच पोरगा. गावाबाहेरच्या भरतीच्या अकॅडमीतला असणार, तिथली पोरं रोज या रस्त्यानं पळत. घामानं बनियन अंगाला चिकटलेलं, छाती भात्यासारखी वर-खाली. त्यानं शेवरीकडं टक लावून बघितलं. डोक्यावरची टोपी काढली. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बाजूला ठेवले आणि थंडगार मोरीवर अनवाणी उभं राहून त्यानं शेवरीला हात जोडले. डोळे मिटलेले, ओठ काहीतरी पुटपुटत होते.

भारद्वाजाचा शकुन कुणाला माहीत नाही? कामाला निघताना तो दिसला, बोलला, की काम झालंच समजायचं. पण हा तर खऱ्या भारद्वाजाला सोडून शिवांजलीला हात जोडून उभा होता.

तिनं पुढं व्हायला हवं होतं. सांगायला हवं होतं, की अहो, ते पाखरू नव्हे, मी. पण एवढी मोठी घोडी ओंजळीत फुंकत शेवरीत बसलीय, हे अनोळखी पोराला कुठल्या तोंडानं सांगायचं? तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोंडात ओढणीचा बोळा कोंबून ती तशीच बसून राहिली. तो गेला तेव्हा पहिल्यापेक्षा जोरात पळत गेला, आणि तिला लाज वाटली तशी थोडी मजाही वाटली. सगळं बिघडलं ते त्या मजेनं.

दोन दिवसांनी तोच पोरगा रिकामी बाटली घेऊन त्यांच्या अंगणात उभा.

"अर्धा लिटर दूध मिळंल का? धारेचं पायजे."

शिवांजलीनं माप उचललं. "मिळंल की," ती म्हणाली. "अकॅडमीतलं का तुमी?"

"व्हय. जयराज. गाव खंडाळा, सातारचं." तो बाटली पुढं करून इकडं-तिकडं बघत होता. "तुमच्या शेवरीत भारद्वाज हाय न्हवं?"

"हाय की."

"मला दिसत कसा न्हाई मग? नुसता बोलतो."

"माणूस बघून बोलतो तो."

"आन् दिसतो कुणाला?"

"ज्याला घाई न्हाई त्याला. तुमी आपलं पळत येता, पळत जाता."

तो हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. तिनं पटकन दुधाकडं बघितलं. बघितलं म्हणून बरं, बाटली भरून दूध तिच्या पायावर सांडत होतं.

मग तो रोजच दुधाला यायला लागला. बोलता बोलता एकेक कळत गेलं. त्याचे वडील लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. भरतीला निघाले त्या दिवशी त्यांना वाटेत भारद्वाज आडवा गेला होता, ही गोष्ट घरात आल्यागेल्याला सांगितली जायची. जयराज मात्र पोलीस भरतीत दोनदा थोडक्या मार्कांनी राहिलेला. वय सत्तावीस. ही शेवटची भरती, यानंतर वयात बसत नाही.

"दिसलाच पायजे का हो?" तिनं एकदा अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. "नुसता आवाज आला तर?"

"आवाज आला तरी निम्मं काम झालं, असं आबा म्हणतात." मग खाली बघत तो म्हणाला, "हसशील तू... पर खरं सांगतो. तो बोलला त्या दिवशी माझं सोळाशे मीटर पाच-दहात बसतं. न्हाई बोलला त्या दिवशी पाच-तीस. घड्याळ लावून बघितलंय."

आता सांगा, हे ऐकल्यावर कुठल्या पोरीची छाती होईल गप्प बसायची?

खरा भारद्वाज आपल्या मर्जीचा मालक. कधी बोले, कधी दोन-दोन दिवस पलीकडच्या द्राक्षबागेत जाऊन बसे. शिवांजलीनं मात्र एक दिवस खाडा केला नाही. पावलांचा आवाज आला, की ओंजळ तोंडाशी. तो मोरीवर थांबायचा, बूट काढायचा, हात जोडायचा, ओठ हलवायचा. काय बोलायचा ते तिला ऐकू यायचं नाही, मधे चांगलं पन्नास पावलांचं अंतर. ती आपली त्याचे ओठ थांबले की साद घालायची. त्याचा चेहरा उजळायचा, आणि त्या उजेडावर तिचा दिवस जायचा.

वाईट याचंच वाटायचं, की रोज रात्री ती ठरवायची, उद्या सांगायचं. आणि रोज सकाळी तो अंगणात येऊन म्हणायचा, "आज पाच-बारा," आणि तिचं सांगणं राहूनच जायचं.

दुधाला पाच मिनिटं लागतात. त्याला आता अर्धा तास लागायला लागला. ती त्याला आवाज ओळखायला शिकवायची.

"ही कोण बोलली?"

"टिटवी."

"आन् हे?"

"...पिंगळा?"

"पिंगळा दिवसाउजेडी? तो होला हाय."

"मला सगळं सारखंच ऐकू येतं."

"कान धुवून या उद्या."

"कान धुतो. पर तू बोलत राहिलीस तर पाखरांकडं ध्यान कुणाचं राहील?"

गोठ्यात राहीबाई खोकली, आणि तो खोकला काही घशाचा नव्हता.

एकदा मोठी गंमत झाली. दोघं बांधावर उभे असताना खरा भारद्वाज शेवरीतून खाली उतरला, चोचीत सरडा धरून पावला-पावलानं त्यांच्या समोरून रस्ता ओलांडून गेला. ऊन पडलेलं होतं. पंखांचा तो विटकरी रंग असा काही चमकला, की शिवांजली पुढं वाकली. इतकी वर्षं बघूनही तिला ते पाखरू दरवेळी नवंच वाटायचं. "बघा, बघा," ती कुजबुजली आणि वळून बघते तर जयराज तिच्याकडं बघत होता.

"दिसला न्हवं?" तिनं विचारलं.

"कोण?"

"भारद्वाज."

"हां... तो बी दिसला."

त्या रात्री तिला झोप आली नाही. सांगून टाकायचं, ती स्वतःशी म्हणाली. भरतीचं मैदान, म्हणजे पळण्याची परीक्षा, झालं की लगेच. निकाल हातात आला, की हसत हसत सांगता येईल, तोही हसेल. एवढं सोपं वाटलं तिला.

मैदान दहा दिवसांवर आलं होतं. त्या सकाळी धुकं इतकं दाट, की मोरीवरचा जयराज म्हणजे नुसता एक काळा उभा आकार. तो नेहमीपेक्षा हळू आला. हात जोडून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. पोरगं घाबरलंय, तिला वाटलं. माया दाटून आली. तिनं ओंजळ केली आणि जीव ओतून साद घातली. थांबली, पुन्हा घातली. तो हलेना, म्हणून तिसऱ्यांदा. मग तो बूट घालून उठला आणि धावत धुक्यात गेला.

दुधाला तो त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अकॅडमीतलीच सोनम नावाची पोरगी दूध न्यायला आली. तिनं सांगितलं, "जयराजदादाच्या पोटरीची शीर तुटली. सर म्हणत हुते, आठ दिवस पाय टेकू नको, मैदानापतूर बरा हुशील. ऐकलं न्हाई. परवा पळायला गेला आन् वाटंतच बसला."

शिवांजलीला हातातली बाटली कुठं ठेवावी कळेना.

मैदानाच्या दिवशी तो सांगलीला गेला, पायाला पट्टी बांधून. सोळाशे मीटर त्यानं पुरं केलं म्हणे, पण लंगडत, सगळ्यांच्या मागून. संपलं.

गावी जाण्याआधी तो एकदा अंगणात आला. दाढी वाढलेली. राहीबाईनं चहा दिला, तो त्यानं उभ्या उभ्याच घेतला. राहीबाई कप घेऊन आत गेल्यावर तो शिवांजलीला म्हणाला, "त्या दिवशी मी पाखराला इचारलं हुतं. पाय दुखतोय, पळू का थांबू? बोललास तर पळतो, गप बसलास तर आठ दिवस बसून राहतो." तो कसंनुसं हसला. "तीनदा बोललं गं. मी म्हटलं, आता काय भ्यायचं?"

ती खांबाला धरून उभी होती.

"राग न्हाई मला त्याचा," तो म्हणाला. "पाखराची काय चूक?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एका वाक्यानं तिची मान जी खाली गेली, ती तो दिसेनासा झाला तरी वर आली नाही. सांगायची वेळ हीच होती. जीभ टाळूला चिकटून बसली, आणि तो लंगडत निघून गेला.

पुढचे आठ दिवस ती शेवरीकडं फिरकली नाही. भारद्वाज बोलायचा. खरा. पहाटे हूप-हूप सुरू झालं, की ती गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायची. ज्या आवाजावर तिचं सगळं बालपण गेलं, तो आवाज तिला ऐकवेना. घास घशाखाली उतरेना. आपण कुणाचं तरी आयुष्य खेळात उडवलं, आणि वर त्याच्या तोंडाकडं बघून दूध मोजत राहिलो. एवढं नीच कुणी असतं का?

नवव्या दिवशी राहीबाईनं तिला चुलीपुढं बसवलं. "काय खाल्लंस, काय गिळलंस ते सांग."

सगळं सांगितलं तिनं. न रडता, भिंतीकडं तोंड करून. राहीबाई बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "लाज वाटती हे चांगलं हाय. न वाटणारी माणसं मी लय बघितली. पर लाज घरात धरून ठेवून कुणाला उपेग? ज्याची हाय त्याला नेऊन दे."

"खंडाळ्याला?"

"मग काय तो येणार न्यायला? मी आले असते बरूबर, पर दोन म्हसरं कुणाच्या जिवावर टाकू? सकाळच्या गाडीनं जा. दिवस मावळायच्या आत घरात पायजेस." आणि तव्यावरची भाकरी उलटत तिनं पुढं जोडलं, "आन् तिथं मानसासारखी बोल."

कुंडलहून कऱ्हाड, कऱ्हाडहून पुण्याची गाडी. सगळ्या वाटेनं शिवांजलीनं मनात वाक्यं जुळवली आणि मोडली. साताऱ्यापर्यंत तिच्याकडं चांगलं दहा वाक्यांचं भाषण तयार होतं. खंडाळ्याला उतरल्यावर त्यातला एक शब्द आठवेना.

लालासाहेब सुभेदारांचं घर पहिल्यानं विचारलं त्यानंच दाखवलं. अंगण लख्ख झाडलेलं, कुंड्या रांगेत, त्यांनाही कुणी सावधान म्हटलं असावं. लालासाहेब खुर्चीत पेपर वाचत होते. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. जयराज ओट्यावर पाय लांब करून बसला होता. तिला बघून तो उठायला गेला आणि पायानं त्याला परत बसवलं.

"कोण गं तू, बाळ?" लालासाहेबांनी विचारलं.

"मी... कुंडलची. ह्यांना दूध देत हुते."

"दुधाचं काय ऱ्हायलं का?"

"न्हाई. माझंच एक सांगायचं ऱ्हायलंय." तिनं जयराजकडं बघितलं आणि लगेच जमिनीकडं. एकट्याला गाठून सांगावं असा विचार होता, पण आता थांबली तर पुन्हा बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "शेवरीतला तो आवाज भारद्वाजाचा न्हवता. माझा हुता. रोज. त्या दिवशी तीनदा आला तो बी माझा. तुमी काय इचारत हुता ते मला ठावं न्हवतं, पर म्हणून काय झालं. माझ्यामुळं पाय गेला तुमचा, भरती गेली. तुमी म्हणाला पाखराची काय चूक, तवा बी मी गप बसले. ते लय वाईट केलं मी."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

जयराजचा चेहरा आधी पांढरा पडला, मग गळ्यापासून वर लाल होत गेला. "तू?" एवढंच म्हणाला. "मी बूट काढून... रोज... तुझ्यापुढं?"

"व्हय."

"आन् तू बघत हुतीस. हसत असशील."

"पहिल्या दिवशी हसले. खोटं न्हाई सांगत. मग कधीच न्हाई."

त्यानं तोंड फिरवलं. लालासाहेबांनी पेपराची घडी घातली. त्यांची नजर आता शिवांजलीवर होती, आणि त्या नजरेखाली तिला वाटलं, आपण इथंच मातीत जावं तर बरं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "ह्या पोरीच्या आवाजावर माझा पोरगा दुखऱ्या पायानं पळाला."

"व्हय," शिवांजली म्हणाली.

"न्हाई," जयराज म्हणाला.

दोघांनीही त्याच्याकडं बघितलं. तो भिंतीला धरून उठून उभा राहिला होता.

"आबा, तुमाला मी सांगितलं, पळता पळता अचानक शीर तुटली. तसं न्हाई. पाय तीन दिवस आधीच धरला हुता. सरांनी सगळ्यांसमोर बजावलं, आठ दिवस पाय टेकायचा न्हाई. मला लाज वाटली. आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी ल्हान पोरं पळत्यात आन् आपण खाटंवर. सर झोपेतनं उठायच्या आधी मी बूट घालून भाईर पडलो." त्यानं दुखऱ्या पायाकडं बघितलं. "अकॅडमीपासनं ती मोरी दीड किलोमीटर हाय. तिथवर मी पळतच गेलो हुतो. पाखराला इचारायच्या आधी. मला पळायचंच हुतं. नुसता कुणीतरी व्हय म्हणायला पायजे हुता. म्हंजे उद्या काय झालं तर... माझ्यावर नको."

तोही जमिनीकडं बघायला लागला.

लालासाहेब एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. "माझ्या अंगणात सोनं सांडलंय का रं," ते अखेरीस म्हणाले, "दोघंबी खाली काय बघताय?"

कुणी हसलं नाही. पण शिवांजलीला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

"जेवून जा म्हणालो असतो," ते तिला म्हणाले, "पर तुला लांब जायचंय. चहा घे. मग हा सोडंल स्टँडवर." आणि जयराजकडं न बघता, "भरती गेली ते वाईट झालं. खोटं बोललास त्याचं मला जास्त वाईट वाटलं. आता खरं बोललास, तवा बसू रात्री दोघं. पुढचं काय ते बघू."

स्टँड काही लांब नव्हता, पण जयराजच्या पायानं तो लांब झाला. दोघं रस्त्याच्या कडेनं चालले होते, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. तिनं हात पुढं केला असता तर त्याला आधार झाला असता. तेवढा हक्क आपल्याला राहिलाय का, हे तिला कळेना, म्हणून तिनं हात ओढणीत गुंडाळून घेतला.

"मला राग हाय तुझा," तो म्हणाला.

"असणारच."

"पायाचा न्हाई. पाय माझ्या कर्मानं गेला."

"मग?"

त्याचे कान लाल झाले होते. "मी मोरीवर उभं राहून काय बोलायचो, ते... तू ऐकायचीस?"

"न्हाई."

"खरं सांग."

"आईशपथ. लांब हुते मी. नुसतं ओठ दिसायचं. ओठ थांबलं की मी साद घालायची."

त्यानं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की तिनं वर बघितलं.

"का? असं काय बोलत हुता?"

"काय न्हाई."

"सांगा की."

"जाऊ दे म्हटलं न्हवं."

कऱ्हाडची गाडी लागलेली होती. ती चढली, खिडकीजवळ बसली. तो खाली खिडकीशी उभा, एक हात गाडीच्या पत्र्याला लावून. गाडी जवळजवळ भरली. ड्रायव्हर चढला. आता हा असाच जाणार, तिला वाटलं. आपण यायचं ते आलो, द्यायचं ते दिलं. याहून जास्त मागायचं तोंड आपल्याला नाही.

"पहिलं दोन आठवडं," तो एकदम म्हणाला, पत्र्याकडं बघत, "मी भरतीचंच इचारलं. पाच-दहा बसू दे, एवढंच. मग... मग दुसरंच इचारायला लागलो."

"काय?"

"म्हणायचो, दूध मोजणारी ती पोरगी... तिच्या मनात माझ्याबद्दल काय हाय का? असंल तर बोल." त्याला पुढचं बोलताना फार कष्ट पडत होते. "रोज इचारायचो. येड्यासारखा. आन् ते रोज बोलायचं. एक दिवस चुकलं न्हाई. मी म्हटलं, नोकरी लागली की हिलाच इचारायचं. आता नोकरी बी न्हाई, आन् ते पाखरू बी न्हाई. म्हंजे ते सगळंच खोटं हुतं. त्याचा राग हाय."

शिवांजली त्याच्याकडं बघत राहिली. पन्नास पावलांवरून, शेवरीच्या आडून, काही कळत नसताना, आपण रोज सकाळी काय काय कबूल करत होतो, ते तिला आता उमगत होतं. तोंडावर घाम फुटला. पण ही लाज गेल्या दहा दिवसांतल्या लाजेसारखी नव्हती.

"पायाचं तेवढं चुकीचं सांगितलं गेलं," ती म्हणाली. "ते मी मरेपर्यंत इसरणार न्हाई. पर त्याच्या आधी रोज जे सांगितलं, ते खोटं न्हवतं."

त्यानं मान वर केली.

"मला ठावं न्हवतं तुमी इचारताय. ठावं असतं तर एवढं मोठ्यानं सांगायची माझी छाती झाली नसती," ती म्हणाली. "पर आता पाखराला न्हाई, मला इचारा. माझ्याकडं बघून."

कंडक्टरनं दार ओढलं, घंटी मारली. गाडी घरघरायला लागली. जयराजनं एकदा मागं बघितलं, एकदा गाडीतल्या माणसांकडं, आणि मग खिडकीची सळई धरली.

"हाय का?" त्यानं विचारलं. "तुझ्या मनात?"

"व्हय," शिवांजली म्हणाली. गाडीच्या आवाजात त्याला नीट ऐकू गेलं नसावं, म्हणून तिनं पुन्हा, चांगल्या खड्या आवाजात सांगितलं, "व्हय, हाय."

पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या, मागं कुणीतरी खाकरलं. शिवांजलीनं मान खाली घातली नाही.